अंडेवालीचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुनी, पोचे पडलेली तांब्याची कळशी आहे. आज लोक माझ्यात ओल्या छत्र्या ठेवतात. पण एके काळी मी पाणी वाहायचे, आणि त्या पाण्यानं मी एका बाईचा चेहरा पुसला आहे. ती बाई अडीच हजार वर्षं जमिनीखाली सुखात होती. मी तिला वीस वर्षांत संपवलं.

असे दचकू नका. आधी जन्मापासून सांगते.

डोंगरातल्या एका तांबटानं मला घडवलं. तो इतका बुटका होता, की माझं पोट ठोकायला तो माझ्या आतच उतरून बसायचा, आणि बायकोनं जेवायला हाक मारली की आधी माझ्या तोंडातून त्याची टोपी वर यायची. खरं वाटत नाही? बरं, टोपी वगळा. ज्या घरात मी आयुष्य काढलं तिथं गोष्ट जरा फुगवून सांगायची रीत होती, आणि शेजारचा गुण तांब्यालाही लागतो. पण माझी कंबर बारीक होती, दोन्ही कान सुबक होते, आणि आतली कल्हई अशी लख्ख होती, की पाणी भरून कुणी डोकावलं तर त्याला आपल्या पापण्या मोजता याव्यात. हे मात्र फुगवलेलं नाही. लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्या डोंगरात मुलगी सासरी निघाली की तिच्या डोक्यावर कळशी द्यायची पद्धत होती. झेलिंदाच्या डोक्यावर मी आले. ती एकोणीस वर्षांची होती. चुंबळीवर मला तोलत, मान ताठ ठेवून ती तीन दिवसांची वाट उतरून कास्तेलफोस्को गावात आली. तिचा नवरा एर्सिलिओ वाटभर गाढवावर बसून तिला थापा सांगत होता. तिला हसू आलं की मी डुगडुगायचे.

आमचं कास्तेलफोस्को मऊ, तांबूस दगडाच्या पठारावर वसलं आहे. वर चारशे माणसं राहतात आणि खाली चार हजार. खालची एट्रुस्कन माणसं. ती रोमच्या लोकांच्याही आधीची, आणि घरं बांधायची त्यांची हौस मेल्यावरही संपली नव्हती. त्यांनी दगडात खोल्या कोरल्या, भिंतींवर मेजवान्या रंगवल्या, आणि मग ती निवांत मरून गेली. गावात सगळे म्हणायचे की खालच्यांची घरं आपल्यापेक्षा चांगली आहेत, ओलसुद्धा कमी येते.

त्यातल्या एका थडग्याचा एर्सिलिओ राखणदार होता. हातभर लांब किल्ली घेऊन तो बावीस पायऱ्या उतरायचा आणि येणाऱ्या जाणाऱ्याला भिंत दाखवायचा. भिंतीवर एक बाई नवऱ्याशेजारी मंचावर रेलून बसली होती. दोन बोटांच्या चिमटीत तिनं एक अंडं धरलं होतं आणि ते ती नवऱ्याला दाखवत होती. म्हणून तिचं नाव अंडेवाली. पुस्तकातले लोक सांगायचे की अंडं म्हणजे मरणानंतरचं जीवन. एर्सिलिओ सांगायचा की ती नवऱ्याला विचारते आहे, हे उकडलेलं आहे की कच्चं, आणि तो बिचारा अडीच हजार वर्षं विचार करतो आहे.

मी मात्र झेलिंदाबद्दल सांगत होते. वेशीपाशी झरा होता. ती मला भरायची, आणि उचलण्याआधी माझ्यात डोकवायची. घरात एकच आरसा होता, दाढीचा, तळहाताएवढा, आणि तो एर्सिलिओच्या उंचीवर ठोकलेला. त्यामुळे झेलिंदाचा आरसा मीच होते. ती कपाळावरची बट सारखी करायची, स्वतःलाच जीभ दाखवायची, मग पाण्यावर हलकीशी फुंकर मारायची. चेहऱ्याचे तुकडे तुकडे व्हायचे आणि ती हसायची. हसताना तिच्या ओठांची डावी कड आधी वर जायची, उजवी मागून यायची. मी हे रोज दोनदा पाहिलं, जेमतेम पावणेदोन वर्षं.

मुलगी नेरीना आठ महिन्यांची असताना झेलिंदा तापानं गेली.

गावात ती परकीच होती. लोकांच्या ध्यानात राहिली ती तिची ताठ मान आणि डोक्यावरची मी. चेहरा कुणी नीट पाहिलाच नव्हता. लग्नात एक फोटो काढला होता. फोटोवाला ‘हलू नका’ म्हणाला, एर्सिलिओ कानात काहीतरी कुजबुजला, आणि झेलिंदा हसली. त्यामुळे फोटोत एर्सिलिओ खांबासारखा उभा आहे आणि त्याच्या शेजारी पांढरा धूर.

नेरीना वाढली ती त्या धुराकडे बघत.

ती सात वर्षांची झाली त्या सुमारास रोमहून रविवारच्या बसगाड्या यायला लागल्या. सकाळी यायचं, दोन-चार जुन्या जागा बघायच्या, डुकराचं भाजलेलं मांस घातलेला पाव खायचा आणि दिवस मावळायच्या आत परत. आधी ती मंडळी टेकडीखाली रोमन स्नानगृह बघायला जायची. तिथं ग्वेरिनो नावाचा राखणदार होता. मोठा वस्ताद. तिथल्या फरशीवर बारीक रंगीत दगडांचे मासे होते, धुळीनं मळकट झालेले. ग्वेरिनो बादलीभर पाणी फरशीवर सपकन ओतायचा, आणि मासे निळे-हिरवे चमकून उठायचे. लोक टाळ्या वाजवायचे. मग तीच मंडळी टेकडी चढून घामाघूम होऊन आमच्या थडग्यात उतरायची, फिकट भिंतीकडे बघायची आणि म्हणायची, ‘‘एवढंच?’’

‘एवढंच’ हा शब्द एर्सिलिओच्या फार जिव्हारी लागायचा. त्याला अंडेवालीचा अभिमान होता. मेणबत्तीच्या धुरानं तिला ठसका लागेल म्हणून तो मेणबत्तीसुद्धा लांब धरायचा. फोटोवाल्यांना तर आत घ्यायचाच नाही. ‘‘अंधारात राहिलेली बाई आहे, डोळे दिपतील तिचे,’’ म्हणायचा. असा काळजी घेणारा माणूस.

एका रविवारी गुत्त्यात ग्वेरिनोनं त्याला गाठलं.

‘‘काय एर्सिलिओ, तुझी बाई आजही झोपलेलीच होती म्हणे? माझे मासे बघ, कसे उड्या मारतात!’’

‘‘मासेच ते. त्यांना पाणी लागणारच.’’

‘‘आणि तुझ्या बाईला तहान लागत नाही? अरे, अडीच हजार वर्षं झाली, घोटभर तरी पाज तिला!’’

सगळा गुत्ता हसला. एर्सिलिओही हसला. पण दुसऱ्या शनिवारी त्यानं मला झऱ्यावर अर्धी भरली, खांद्यावर घेतली, नेरीनाचं बोट धरलं आणि बावीस पायऱ्या उतरला.

मित्रांनो, दगडाच्या माशांवर पाणी ओतणं वेगळं आणि भिंतीच्या रंगावर ओतणं वेगळं. पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मला तर बोलताच येत नव्हतं.

त्यानं माझ्यातून ओंजळ भरली आणि भिंतीवर उडवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाणी आत मुरलं, आणि त्या फिकट डागांमधून एक बाई बाहेर आली. गाल तांबडे झाले, डोळा काळा झाला, कानातलं सोनं पिवळं झालं. आत्ताच कुणीतरी ब्रश खाली ठेवून जेवायला गेलं असावं अशी ती दिसली.

‘‘बाबा, ही कोण?’’ नेरीनानं विचारलं.

एर्सिलिओनं अंड्याची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. पण त्यानं पोरीकडे पाहिलं. तिचे डोळे भिंतीला चिकटले होते.

‘‘तुझी आई,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे, तुझी आई अगदी अशीच दिसायची.’’

‘‘खरंच?’’

‘‘नाक तर तेच.’’

‘‘आईला अंडी आवडायची?’’

‘‘तर! रोज दोन.’’

नेरीनाला अंड्याचा वाससुद्धा सहन होत नसे. त्या दिवसापासून ती अंडं खायला लागली.

मग आमचे वैभवाचे दिवस सुरू झाले. दर रविवारी मी थडग्याच्या दाराशी भरून तयार असायचे. मंडळी आत जमली की एर्सिलिओ म्हणायचा, ‘‘बाईसाहेब झोपल्या आहेत. जरा उठवतो,’’ आणि मानेनं खूण करायचा. नेरीना माझ्यात ओंजळ बुडवायची आणि एक थेंबही वाया न घालवता भिंतीवर उडवायची. अंडेवाली उठायची. ‘एवढंच’ म्हणणारी माणसं ‘अगंबाई!’ म्हणायची. एकदा एक म्हातारा प्रोफेसर रडला. एक नवी नवरी म्हणाली, ‘‘ही कळशी किती सुंदर आहे!’’ तिचं ते बोलणं मी कधी विसरणार नाही. ग्वेरिनो महिनाभर आमच्याशी बोलत नव्हता.

पण खरं सांगायचं तर रविवार हे निमित्त झालं होतं. थडग्याची किल्ली घरात दारामागं लटकायची. एर्सिलिओ द्राक्षाच्या मळ्यात गेला की नेरीना ती काढायची, मला अर्धी भरायची आणि एकटीच खाली उतरायची. एक ओंजळ. मग पायरीवर बसून ती आईशी बोलायची. दात पडला ते सांगितलं. शाळेत गणितात नापास झाली ते सांगितलं. बाबांना ते कधीच कळलं नाही. टेकडीखालच्या गावातल्या एका सुताराच्या मुलानं मागणी घातली तेव्हा तिनं आधी भिंतीला विचारलं. भिंत हळूहळू वाळायची, गाल फिके पडायचे, आणि नेरीना म्हणायची, ‘‘जाऊ नकोस ना, एवढं ऐकून जा.’’ आणि आणखी एक ओंजळ.

काही वर्षांनी भिंतीवर पांढरी भुकटी दिसायला लागली. पिठासारखी. नेरीना एप्रनच्या टोकानं ती हलकेच पुसायची. कामात असलेल्या आईच्या गालाला पीठ लागलं तर लेक पुसेल, तशी. एप्रनला तांबडा रंग लागायचा. ती तो झऱ्यावर धुऊन टाकायची.

आधी कानातलं गेलं. मग भुवई. रंग जितका फिकट होई तितकं पाणी जास्त लागे. एक ओंजळ पुरायची तिथं तीन लागायला लागल्या. लोकांनी विचारलं की एर्सिलिओ म्हणायचा, ‘‘वय झालं हो तिचं. आपलं नाही का होत?’’ लोक हसायचे. तो नाही हसायचा.

नेरीना सव्वीस वर्षांची असताना रोमहून ओर्नेल्ला नावाची बाई आली. जुनी चित्रं वाचवणं हे तिचं काम. तिच्या नावाआधी डॉक्टर लागायचं, म्हणून एर्सिलिओनं पहिल्या दिवशी तिला आपला दुखरा गुडघा दाखवला.

‘‘मी भिंतींची डॉक्टर आहे, काका,’’ ती म्हणाली.

‘‘मग बरोबर आहे, मीही भिंतीसारखाच झालोय. इकडून पोपडे, तिकडून पोपडे.’’

ती हसली. पण भिंतीजवळ भिंग धरून उभी राहिली तेव्हा तिचं हसू मावळलं. तिनं ती पांढरी भुकटी बोटावर घेतली आणि जिभेला लावली. मग वळून पाहिलं. दारात मी होते, भरलेली.

‘‘काका, ही कळशी इथं कशाला?’’

‘‘बाईसाहेबांना उठवायला,’’ एर्सिलिओ ऐटीत म्हणाला, आणि नेरीनाला खूण केली.

‘‘थांबा!’’ ओर्नेल्ला एवढ्या जोरात ओरडली की माझ्यातलं पाणी हललं.

तिनं दोघांना पायरीवर बसवून समजावलं. भिंतीच्या पोटात मीठ असतं. पाणी आत जातं, त्या मिठाला विरघळवतं, आणि वाळताना त्याला घेऊन बाहेर येतं. बाहेर येता येता मीठ रंगाला मागून ढकलतं. प्रत्येक ओंजळीला थोडा थोडा.

‘‘किती वेळा उडवायचात पाणी?’’

‘‘फक्त रविवारी,’’ एर्सिलिओ म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता.

ओर्नेल्ला भिंतीकडे बघत राहिली. ‘‘नुसत्या रविवारांनी एवढं होत नाही.’’

नेरीनानं मान खाली घातली. ‘‘मी यायचे. रोज. कधी दोनदा.’’

‘‘नाही हो डॉक्टर, मीच यायचो,’’ एर्सिलिओ घाईनं म्हणाला. ‘‘पोरीला थापा मारायची सवय आहे. माझ्यावर गेलीये.’’

‘‘बाबा, पुरे. एप्रननंही मीच पुसलंय. रंग लागायचा एप्रनला.’’ मग ती ओर्नेल्लाचा हात धरून म्हणाली, ‘‘तुमच्याकडे ब्रश आहेत, रंग आहेत. तिचा चेहरा परत काढा. मी सांगते कसा होता. मला प्रत्येक रेघ पाठ आहे. ती माझी आई आहे.’’

ओर्नेल्लाला आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा ती तिच्याशेजारी पायरीवर बसली.

‘‘राहिलंय ते मी धरून ठेवीन,’’ ती म्हणाली. ‘‘हात राहिलाय, अंडं राहिलंय. पण गेलेला चेहरा मी काढला तर तो माझा होईल गं. तिचा नसेल. तुझ्या आईचाही नसेल.’’

नेरीना ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. तीच ओंजळ.

तेव्हा एर्सिलिओ उठला. दुखऱ्या गुडघ्यानं तिच्यासमोर बसला.

‘‘पोरी, रडू नकोस. ती तुझ्या आईसारखी नव्हतीच. तू लहान होतीस, मी आपलं ठोकून दिलं.’’

‘‘आता हे मला गप्प करायला सांगताय.’’

‘‘नाही गं, शपथ घेतो.’’

‘‘कालच ग्वेरिनोकाकांसमोर शपथ घेऊन सांगत होतात की युद्धात तुम्ही थडग्यात अख्खा रणगाडा लपवला होता.’’

मित्रांनो, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं, आणि ते कुणालाच खरं वाटलं नाही.

‘‘बरं,’’ नेरीना डोळे पुसत म्हणाली. ‘‘मग सांगा. आई कशी दिसायची?’’

एर्सिलिओनं तोंड उघडलं. तो विचार करायला लागला. त्यानं डोळे मिटले, पुन्हा उघडले. भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. एकोणीस वर्षं दर रविवारी तो त्याच एका बाईकडे बघत आला होता. झेलिंदाला आठवायला गेला की तांबडे गाल यायचे, काळा डोळा यायचा, पिवळं कानातलं यायचं. झेलिंदाकडे सोन्याचं कानातलं नव्हतंच कधी. एवढं त्याला आठवलं. बाकी काही आठवेना.

‘‘नाक...’’ तो म्हणाला, आणि थांबला.

ओर्नेल्ला हळूच उठून बाहेर गेली.

मी दारात होते. मला माहीत होतं! त्या डोंगराच्या अलीकडे ते फक्त मला माहीत होतं. तांबटानं मला दोन कान दिले होते, तोंड दिलं होतं, पण जीभ दिली नव्हती. एर्सिलिओ खोटं बोलला होता हेही खरं, आणि अंडेवालीचं नाक झेलिंदाच्या नाकासारखं अजिबात नव्हतं हेही खरं. झेलिंदाचं नाक जरा बसकं होतं. पण ऐका, खरी गोष्ट पुढंच आहे.

सात वर्षांच्या वयापासून नेरीना झऱ्यावर मला भरायची, आणि उचलण्याआधी माझ्यात डोकवायची. कपाळावरची बट सारखी करायची. स्वतःला जीभ दाखवायची. मग पाण्यावर हलकीशी फुंकर मारायची आणि हसायची, आणि हसताना ओठांची डावी कड आधी वर जायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वर मान केली की ती बापासारखी दिसायची, सगळं गाव तसंच म्हणायचं. पण पाण्यावर वाकली की ती झेलिंदा व्हायची. आणि त्या वेळी तिच्यासमोर फक्त मीच असायचे. तिला मात्र त्यात आपलाच चेहरा दिसायचा. मग तेच पाणी घेऊन ती घाईघाईनं बावीस पायऱ्या उतरायची आणि ओंजळी ओंजळीनं भिंतीवर उडवायची, आई दिसावी म्हणून.

हे मी फुगवून सांगत नाही. फुगवून सांगायला मला आवडलं असतं.

पुढं फार काही घडलं नाही. थडग्याला काचेचं दार बसलं. एर्सिलिओ आणखी सहा वर्षं जगला, पण मंडळींना अंड्याची गोष्ट सांगणं त्यानं सोडलं. नुसतं म्हणायचा, ‘‘इथं एक बाई होती.’’ त्याच्यामागं नेरीना राखणदार झाली. सुताराच्या मुलाशी लग्न झालं, मुलं झाली, मुलं मोठी होऊन रोमला गेली. घरी नळ आला आणि माझं काम संपलं. कल्हई कुणी केली नाही. आत मी काळी पडले. एका हिवाळ्यात नेरीनानं मला तिकिटाच्या खोलीत आणून ठेवलं, आणि तेव्हापासून सहलीला येणाऱ्यांच्या छत्र्या मी सांभाळते.

बसगाड्या अजून येतात. लोक काचेपाशी उभे राहतात, बटण दाबतात, जरा वेळ दिवा लागतो. भिंतीवर एक हात दिसतो, चिमटीत अंडं, आणि जिथं चेहरा होता तिथं पांढरा धूर. लग्नाच्या फोटोत आहे, तसाच.

गेल्या रविवारी पाऊस होता. बसमधले एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी थबकले. लहानपणी वडिलांबरोबर आले होते, असं तिकिटं देणाऱ्या नेरीनाला म्हणाले.

‘‘आजी, तेव्हा तुम्हीच पाणी उडवायचात ना? हीच ती कळशी! नातवाला एकदा दाखवा की. एवढीशी ओंजळ उडवा. काय होतंय?’’

‘‘कोरडंच बघा,’’ नेरीना म्हणाली. ‘‘फिकट दिसलं तर फिकटच बघा. नाहीतर उद्या तेवढंही दिसणार नाही.’’

मित्रांनो, माझंही तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुन्या गोष्टींना उठवू नका. त्यांच्याजवळ गप्प उभं राहा. डोळ्यांना अंधाराची सवय झाली की बरंच दिसतं.

संध्याकाळी मंडळी गेली. छत्र्या गेल्या, पण त्यांचं निथळलेलं पाणी माझ्या बुडाशी राहिलं होतं, चार बोटं. नेरीना ते ओतायला आली. तिनं मला उचललं आणि ओतण्याआधी आत डोकावली. जुनीच सवय. कपाळावरची पांढरी बट मागं सारली. पाण्यावर हलकेच फुंकर मारली.

मी जीव एकवटून चमकायला बघितलं. पण तांब्याला कल्हई नसली की त्याच्या हातात काही नसतं. आत नुसता काळोख होता.

तिनं उंबऱ्यावर पाणी ओतलं, मला कोपऱ्यात उपडी ठेवलं आणि दिवा मालवून घरी गेली.